प्रश्न वाचकांचे : गिऱ्हाईक खूश झाले, पुढे काय?

डिझाइन थिंकिंग (म्हणजे वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करून उपाय शोधण्याची पद्धत) आणि जबाबदार उद्योग या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे बरीच लांब होती. त्यांतला मुख्य भाग तेवढा ठेवला असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : वडिलांनी सुरू केलेला पॅकेजिंगचा लहान कारखाना मी भोसरीत चालवतो. फरसाण, चिवडा आणि मसाले तयार करणाऱ्यांना आम्ही छापील पाऊच पुरवतो. गेल्या वर्षी डिझाइन थिंकिंगची दोन दिवसांची कार्यशाळा केली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, भरपूर कल्पना निघाल्या, प्रमाणपत्रही मिळाले. पण सोमवारी शॉपफ्लोअरवर आल्यावर यातले नेमके काय करायचे ते कळेना. आता आमचे दोन मोठे ग्राहक ‘पर्यावरणपूरक’ पाऊच मागत आहेत. ही पद्धत खरोखर शिकायची तर सुरुवात कुठून करावी? — एक उद्योजक, भोसरी

उत्तर : तुमच्या कार्यशाळेत जे घडले ते बहुतेक कार्यशाळांत घडते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिझाइन संस्थेमुळे जगभर पोहोचलेल्या मांडणीत या पद्धतीच्या पाच पायऱ्या सांगितल्या जातात : माणसांना समजून घेणे, प्रश्न नेमका मांडणे, कल्पना काढणे, कच्चा नमुना करणे आणि तो तपासून पाहणे. यांपैकी तिसरी पायरी सभागृहात बसून, चहा घेत, हसतखेळत करता येते, म्हणून दोन दिवसांतला मोठा वेळ तिलाच मिळतो. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी सभागृह सोडून बाहेर पडावे लागते आणि शेवटच्या दोन पायऱ्यांत हात खराब होतात. तुम्ही जे शिकलात ते चुकीचे नव्हते, ते अर्धे होते, आणि तेही मधले अर्धे.

तुमच्या धंद्यात पहिलाच अवघड प्रश्न असा आहे की, पाऊच वापरणारा म्हणजे नेमका कोण? फरसाणवाला पाऊच विकत घेतो, दुकानदार तो टांगून ठेवतो, घरातले कोणीतरी तो दातांनी फाडते. इथपर्यंतच्या माणसांचा विचार कोणताही चांगला विक्रेता करतो. परंतु पाऊचचे आयुष्य तिथे संपत नाही. तो सुक्या कचऱ्याच्या बकेटमध्ये जातो, तिथून कचरावेचक महिलेच्या हाती आणि पुढे वर्गीकरणाच्या शेडमध्ये पोहोचतो. या माणसांनी तुमचा माल कधीही विकत घेतलेला नसतो, तरी त्याच्याशी त्यांचा संबंध सर्वांत जवळचा असतो. जबाबदार नवनिर्मिती शिकायची म्हणजे मुख्यतः ही यादी लांबवायला शिकायचे.

पुण्यातल्या माणसाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. सॅनिटरी नॅपकिन हे वापरणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर अत्यंत विचारपूर्वक सुधारत नेलेले उत्पादन आहे : मागे प्लास्टिकचा थर, आत द्रव शोषून धरणारी भुकटी, आकार सोयीचा. ग्राहक चाचणीत ते पैकीच्या पैकी गुण मिळवील. मात्र तेच नॅपकिन कागदात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकले की आत काय आहे हे कळायला मार्ग नसतो आणि वर्गीकरण करणाऱ्या बाईला ते उघड्या हातांनी सोडून पाहावे लागते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था २००८ पासून पुणे महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या महिलांनी हा प्रश्न केवळ तक्रार म्हणून मांडला नाही. जुन्या वर्तमानपत्रांपासून त्यांनी खास पाकिटे तयार केली. २०१३ मध्ये वापरलेल्या नॅपकिनची पोती थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली. आणि अशा पुडक्यावर लाल ठिपका काढावा ही मोहीम चालवली. घरातल्या माणसाला एका क्षणाचे काम आणि शेडमधल्या माणसाला पुडके न उघडता मिळणारी माहिती, एवढाच तो ठिपका आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत नॅपकिनच्या उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवावे अशी तरतूद झाली. ज्या वेष्टनाची गरज उत्पादकाच्या संशोधन विभागाला आधीच दिसायला हवी होती, ती त्याला नियमाने सांगावी लागली.

आता तुमच्या पाऊचकडे येऊ. एक भरलेला पाऊच घ्या आणि तो जिथे जिथे जाईल तिथे तिथे त्याच्या मागून जा. दुकान, घर, बकेट, शेड, भंगारवाला. कुठे तो थांबतो ते पाहा. बहुधा तो शेडमध्येच अडकलेला दिसेल, कारण धातूचा मुलामा दिलेला पॉलिएस्टरचा थर आणि आतला पॉलिइथिलीनचा थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते परवडेल अशा खर्चात वेगळे करता येत नाहीत. दोन्हींचे वितळण्याचे तापमान निराळे, म्हणून एकत्र वितळवून पुन्हा वापरण्याजोगा प्लास्टिकचा चांगला दाणाही मिळत नाही. ज्याला भाव नाही ते कोणी उचलत नाही. वर्गीकरण करणाऱ्या ताईंशी बोलताना “तुम्हाला कसा पाऊच हवा?” असे विचारू नका; तो प्रश्न तुमचा आहे, त्यांचा नव्हे. त्यांनी आज सकाळी काय बाजूला काढले, काय टाकून दिले, कोणत्या मालाला किती भाव मिळाला आणि हाताला काय लागले, हे विचारा. त्यांचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या. त्यांची कमाई त्या तासांतूनच होते, आणि दुसऱ्याच्या बुडालेल्या मजुरीवर केलेल्या संशोधनाला जबाबदार म्हणणे मला जमत नाही.

इतके पाहून झाले की ‘पर्यावरणपूरक पाऊच द्या’ ही मागणी किती पोकळ आहे ते तुमच्या लक्षात येईल. तिच्यात प्रश्नच नाही. नुसते विशेषण आहे. नेमका प्रश्न असा असू शकेल : पावसाळ्यातही चिवडा सादळू नये आणि रिकामा पाऊच भंगारात विकला जावा, हे दोन्ही एकाच रचनेत कसे साधेल? एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे थर असलेला पाऊच हा त्याचा एक संभाव्य मार्ग आहे. मात्र त्याने हवा आणि दमटपणा किती अडतो, तुमच्या यंत्रावर त्याचे सीलिंग कोणत्या तापमानाला नीट बसते, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. जुलैतल्या पुण्याच्या हवेत असे न छापलेले पाऊच भरून ठेवा, ठरावीक दिवसांनी एकेक फोडून चिवडा खाऊन पाहा. चिवडा सादळून फेकला जाणार असेल तर शेंगदाणे, तेल, पोहे आणि गॅस असे सगळेच वाया जाईल, आणि ते नुकसान पाऊचच्या कचऱ्यापेक्षा मोठे ठरू शकते. हा हिशेब ग्राहकापुढे प्रामाणिकपणे मांडायला हवा. ‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फिल्मविषयीही सावध राहा. तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांना औद्योगिक कंपोस्टिंगची व्यवस्था लागते, आणि ती साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो चांगला मालही बिघडवते.

हे सगळे छपाईचे सिलिंडर कोरून घेण्याआधी करायचे. डेव्हिड कॉलिंग्रिज या अभ्यासकाने १९८० मध्ये तंत्रज्ञानाविषयी एक पेच मांडला होता : बदल करणे सोपे असते तेव्हा परिणाम ठाऊक नसतात, आणि परिणाम कळतात तोवर बदल करणे महाग झालेले असते. सिलिंडरवर पैसे घातलेल्या कारखानदाराला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. कच्च्या नमुन्याचा उपयोग परिणाम थोडे लवकर दिसावेत एवढ्यासाठीच असतो.

एक व्यवहाराची गोष्ट. फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आहेत. पाऊचवर नुसते ‘इको-फ्रेंडली’ छापून देण्याची मागणी झाली तर त्या दाव्याचा पुरावा काय, हे ग्राहकाला आधी विचारा.

प्रश्न : हिंजवडीतल्या एका कंपनीत मी ॲपची प्रॉडक्ट मॅनेजर आहे. आमची सदस्यता रद्द करण्याची प्रक्रिया मुद्दाम अवघड करावी असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. ‘वापरकर्त्याच्या मनाचा अभ्यास’ असे त्याला नाव दिले आहे. मी डिझाइन थिंकिंग शिकले ते यासाठी का, असा प्रश्न पडतो. नोकरी सांभाळून यात काय करता येईल? — एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमच्या वरिष्ठांनी शब्द अगदी बरोबर वापरला आहे, आणि अडचण तीच आहे. माणूस कुठे थकतो, कुठे लाजतो, कुठे घाईत चुकीचे बटण दाबतो, हे समजून घेण्याचे कौशल्य त्याला मदत करायला जितके उपयोगी आहे तितकेच त्याला अडकवायलाही आहे. पद्धत स्वतःहून नीती शिकवत नाही, हे या विषयाच्या पुष्कळ अभ्यासक्रमांत स्पष्ट सांगितले जात नाही.

सुदैवाने तुमच्या बाजूला नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयीची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या रचनांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे हे त्यांतले काही. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा प्रकार तर तुमच्या पत्राचेच वर्णन आहे. रद्द करण्याचा मार्ग लपवणे किंवा तो लांब व गुंतागुंतीचा करणे त्यात येते. जून २०२५ मध्ये या प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांच्या आत स्वतःची तपासणी करून घेण्याचा सल्लाही दिला होता. तेव्हा पहिले पाऊल म्हणजे हा विषय नीतीच्या चर्चेतून काढून जोखमीच्या यादीत लेखी नोंदवणे. बैठकीत तोंडी घेतलेल्या हरकतीपेक्षा ईमेलमधली दोन वाक्ये अधिक काळ टिकतात.

दुसरे पाऊल तुमच्या कौशल्याचे आहे. सदस्य होण्यास किती टॅप आणि किती सेकंद लागतात, सोडण्यास किती, हे शेजारीशेजारी मांडा. ग्राहक सेवेकडे येणाऱ्या तक्रारींपैकी किती ‘रद्द होत नाही’ या स्वरूपाच्या आहेत ते काढा, आणि त्या कॉलवर खर्च होणारा पगार त्याच तक्त्यात लिहा. मग सोडून गेलेल्या लोकांशी बोला. काहींना दोन महिन्यांची विश्रांती हवी असेल, काहींना लहान योजना, काहींनी ॲप कधी नीट उघडलेच नसेल. ‘थांबवा’ हा पर्याय ‘रद्द करा’च्या शेजारी, तितक्याच ठळकपणे ठेवून पाहण्याचा प्रयोग वरिष्ठांना मान्य होण्यासारखा आहे, कारण त्यात त्यांचाही आकडा सुधारण्याची शक्यता असते.

चाचणीविषयी एक सूचना. पाच जणांवर चाचणी केली की रचनेतले बहुतेक दोष सापडतात, हा वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांचा ठोकताळा तुमच्या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. पडद्यावरच्या वापरातल्या अडचणी शोधण्यासाठी तो मांडला गेला होता. हानी शोधण्यासाठी तो पुरा पडत नाही, कारण हानी बहुधा सहाव्या माणसाची होते : ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, ज्याला पडदा दिसत नाही, ज्याच्या खात्यातून दरमहा पैसे जातात पण मोबाइल मुलाच्या हातात असतो. तो तुमच्या कार्यालयातल्या पाच जणांत कधीच नसतो. त्याला शोधून आणावे लागते.

हे सारे करूनही उत्तर ‘नाही’च आले तर नोकरी बदलावी का, हे मी इथून सांगू शकत नाही. घरचे हप्ते तुमचे आहेत.

प्रश्न : मी कर्वेनगरमधील एका महाविद्यालयात व्यवस्थापनशास्त्र शिकवते. डिझाइन थिंकिंगच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवले की ते तीन दिवसांत मुलाखती उरकून परत येतात आणि प्रश्न कोणताही असो, उत्तर ‘ॲप’ हेच असते. भाजीवाल्यांसाठी ॲप, ज्येष्ठांसाठी ॲप, पाणीटंचाईसाठीही ॲप. त्यांना खोलात कसे न्यावे? गुण कशाला द्यावेत? — एक प्राध्यापिका, कर्वेनगर

उत्तर : ॲपचा आग्रह ही मुलांची चूक कमी आणि गुणदान पद्धतीची अधिक असावी, असा माझा अंदाज आहे. शेवटच्या सादरीकरणाला सर्वाधिक गुण असतील तर मुले पहिल्या दिवसापासून सादरीकरणाची तयारी करणार, आणि ॲपची चित्रे एका संध्याकाळी तयार होतात. अर्धे गुण प्रश्नाच्या मांडणीला देऊन पाहा. गटाने पहिल्या आठवड्यात लिहिलेला प्रश्न आणि पाचव्या आठवड्यात लिहिलेला प्रश्न यांत फरक का पडला, कोणाच्या बोलण्यामुळे पडला, एवढे लेखी मागा. प्रश्न बदललाच नसेल तर ते बाहेर गेलेच नाहीत, असे समजायला हरकत नाही.

मुलाखतीत भविष्याविषयी विचारण्यास बंदी घाला. “असे यंत्र मिळाले तर वापराल का?” याला आपल्याकडे घरी आलेल्या मुलाला बरे वाटावे म्हणून “हो, वापरू की” असेच उत्तर मिळते. “काल संध्याकाळी स्वयंपाक कसा केलात, पहिल्यापासून सांगा” असे विचारले की माहिती मिळते.

शिकवण्यासाठी सुधारित चुलीचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. धूर कमी करणारी, सरपण वाचवणारी चूल प्रयोगशाळेत उत्तम चालते. ओडिशात मोठ्या प्रमाणावर झालेल्या एका अभ्यासात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी अशा चुली मिळालेल्या कुटुंबांचा काही वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धुराचे प्रमाण घटलेले दिसले, पुढे तो फरक नाहीसा झाला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. नमुना यशस्वी आणि योजना अयशस्वी, हे एकाच वेळी कसे घडते यावर तुमच्या वर्गात एक अख्खा तास चर्चा होऊ शकेल. भाकरीचा तवा त्या तोंडावर नीट बसतो का, फुटलेला भाग गावात मिळतो का, चूल सारवायची कोणी, लाकूड बारीक चिरण्याचे वाढलेले काम कोणाच्या वाट्याला येते, असे प्रश्न मुलांना स्वतः काढू द्या. चाचणी पहिल्या दिवशीच्या पसंतीवर न थांबवता सहा महिन्यांनंतरच्या वापरावर करायची असते, हे त्यातून आपोआप पुढे येईल.

याच्या जोडीला पुण्यातलेच एक उलट उदाहरण ठेवता येईल. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘आरती’ने, घरगुती वापराचे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले, त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. बायोगॅस म्हटला की शेण हवे, हे तोवर सगळ्यांनीच गृहीत धरले होते. शहरातल्या घरात जनावर नसते, खरकटे मात्र असते. पिष्टमय आणि साखरयुक्त खरकट्यापासून गॅस लवकर आणि कमी मालातून मिळतो, म्हणून टाकीही लहान चालते. शेण कुठून आणावे हा प्रश्न सोडून जंतूंना खायला काय लागते हा प्रश्न हाती घेतल्यावर हे सुचण्याजोगे झाले. मुलांना अशा संयंत्राच्या मालकांकडे पाठवा, विशेषतः ज्यांनी ते वापरणे बंद केले आहे त्यांच्याकडे.

आणि ‘जबाबदार’ या शब्दासाठी स्वतंत्र गुण ठेवायचे असतील तर प्रत्येक गटाकडून एक पान मागा : आमच्या उपायामुळे कोणाचे काम वाढेल, कोणाचे उत्पन्न घटेल, कोणाची माहिती गोळा होईल, आणि हे त्यांना विचारले आहे का. भाजीवाल्यांच्या ॲपचे हे पान मुलांनी प्रामाणिकपणे लिहिले तर निम्मी ॲप तिथेच गळून पडतील.

प्रश्न : डिझाइन थिंकिंग म्हणजे अमेरिकेतून आलेली जुनीच गोष्ट नव्या वेष्टनात आहे, असे माझे मत आहे. आपले सुतार, लोहार, कुंभार माणूस पाहूनच वस्तू घडवत होते. याला एवढे अभ्यासक्रम कशाला? — एक निवृत्त अभियंता, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या मताशी मी अर्धा सहमत आहे. जयपूर फूट या कृत्रिम पायाचेच पाहा. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो पाय घडवला, तेव्हा परदेशी कृत्रिम पाय घालून उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात उतरता येत नव्हते. माणूस कसा बसतो-उठतो हे पाहून रबराचा पाय तयार झाला. स्टॅनफर्डची पाच पायऱ्यांची मांडणी त्यानंतर कित्येक वर्षांनी आली.

राहिलेल्या अर्ध्याविषयी मात्र मतभेद आहे. गावचा कुंभार ज्यांच्यासाठी मडके घडवी त्यांना तो रोज भेटत असे; मडके गळले तर दुसऱ्या दिवशी दारात तक्रार येई. हिंजवडीत बसून घडवलेल्या वस्तूचा त्रास कुठल्या जिल्ह्यात कोणाला होतो हे घडवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ते पाहण्याची रीत मुद्दाम शिकावी लागते. शिवाय ज्याचे आपण कौतुक करतो त्या जुगाडात एक मोठी उणीव असते. पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवलेली गाडी मालकाची अडचण खरोखर सोडवते, पण ब्रेकची अडचण रस्त्यावरच्या इतरांच्या वाट्याला टाकते. कल्पकता आपल्याकडे कमी कधीच नव्हती. तिचा भार कोणावर पडतो हे विचारण्याची सवय कमी होती, आणि तेवढ्यासाठी मी अभ्यासक्रम सहन करायला तयार आहे.

प्रश्न : माझे वय ४६. एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. या विषयाचा कोणता कोर्स करावा? महागडे ऑनलाइन प्रमाणपत्र उपयोगी पडेल का? — एक वाचक, चाकण

उत्तर : नोकरी बदलायची असेल तर प्रमाणपत्राचा थोडा उपयोग होईल, काम सुधारायचे असेल तर आधी फुकटातले संपवा. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवर या विषयाचे अभ्यासक्रम आहेत आणि ते आठवड्याला काही तास देऊन पूर्ण होतात. डिझाइनचे पूर्ण शिक्षण देणाऱ्या अहमदाबादची एनआयडी, मुंबई आयआयटीचे आयडीसी किंवा पुण्यातल्या डिझाइन संस्था यांचे पदवी अभ्यासक्रम तुमच्या गरजेपेक्षा फार मोठे आहेत. तिथली विद्यार्थ्यांची प्रदर्शने मात्र जाऊन पाहण्यासारखी असतात, आणि मुलांना प्रश्न विचारले की ती आनंदाने बोलतात.

खरेदी विभाग ही या शिक्षणासाठी उत्तम जागा आहे, हे कदाचित तुमच्या लक्षात आलेले नसेल. तुमच्या पुरवठादारांपैकी सर्वांत लहान पुरवठादाराकडे एक दिवस जा, ऑडिटची वही न घेता. तुमच्या ऑर्डरमधला ऐन वेळचा बदल त्याच्या शेडमध्ये पोहोचल्यावर कोण रात्रपाळीला थांबते, बिलाचे पैसे उशिरा गेले की कोणाचा पगार लांबतो, तुमचा फॉर्म भरायला त्याच्या सुपरवायझरला किती वेळ लागतो, ते पाहून लिहून काढा. त्या टिपणातून बदलण्याजोगी एकच गोष्ट निवडा, एका पुरवठादाराबरोबर एक तिमाही ती करून पाहा आणि दोन्ही बाजूंचे आकडे ठेवा. कोर्समधल्या शेवटच्या प्रकल्पासाठी तुम्हाला यापेक्षा वेगळे काही शोधावे लागणार नाही.